कारणाचे गुण

न्यायदान हें काम सरकारनें नेमलेल्या न्यायाधीशांचें, असा आपला सामान्य समज आहे. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, ज्यांवर बहुधा अपील होत नाहीं, ज्यांत आरोपीचा जबाब एकदांच आणि तोही कागदावरच घेतला जातो, आणि ज्यांत आरोपीचें वय दहा-अकरा वर्षांहून अधिक नसतें, असे निकाल आपल्या प्रत्येक गांवांत सहामाही व वार्षिक परीक्षेच्या सुमारास शेंकड्यांनीं लागत असतात. ते लावणाऱ्या न्यायाधीशाच्या हातीं लाल शाईची लेखणी असते, पुढ्यांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो, आणि बहुधा घरांत स्वयंपाकही व्हावयाचा असतो. आम्ही स्वतः गेलीं सत्तावीस वर्षें अशाच एका आसनावर बसत आलों आहों. फरक इतकाच कीं, आमच्यापुढें येणारे आरोपी अठरा-वीस वर्षांचे असतात व त्यांपैकीं कांहींस तरी आपली बाजू मांडतां येते. म्हणून पुढील विवेचन दुसऱ्याचे दोष काढण्याच्या हेतूनें केलेलें नाहीं, हें वाचकांनीं आरंभींच ध्यानांत घ्यावें.

या विषयाकडे आमचें लक्ष वेधण्यास एक लहानसा प्रसंग कारण झाला. आमच्या एका स्नेह्यांची कन्या तालुक्याच्या गांवीं प्राथमिक शाळेंत पांचव्या इयत्तेस शिकविते. गेल्या दिवाळीच्या सुट्टींत ती माहेरीं आली तेव्हां सहामाहीच्या गणिताच्या उत्तरपत्रिका बरोबर घेऊन आली होती. एके दिवशीं सकाळीं ती आमच्याकडे आली, आणि तीन पत्रिका पुढें ठेवून म्हणाली, “काका, तुम्ही तर्कशास्त्र शिकवतां ना? मग हीं तीन कारणें वाचा आणि मीं दिलेले गुण बरोबर आहेत का तें सांगा. मला कालपासून चैन नाहीं.”

प्रश्न साधा होता: ३/४ आणि ५/६ यांपैकीं मोठा अपूर्णांक कोणता? कारण लिहा. गुण तीन, त्यांपैकीं उत्तरास एक व कारणास दोन.

पहिली पत्रिका एका मुलाची होती. त्यानें लिहिलें होतें: ‘५/६ मोठा आहे. कारण ५ हा ३ पेक्षा मोठा आहे आणि ६ हा ४ पेक्षा मोठा आहे.’ अक्षर सुवाच्य, वाक्यें पूर्ण, विरामचिन्हें जागच्या जागीं. दुसरी एका मुलीची. तिनें छेद समान करून ३/४ म्हणजे ९/१२ व ५/६ म्हणजे १०/१२ असें मांडलें होतें, आणि दहा हे नवापेक्षां अधिक म्हणून ५/६ मोठा, असा निष्कर्ष काढला होता. तिसरीही एका मुलीचीच. तिनें दोन वांकडींतिकडीं वर्तुळें काढून एकाचे चार व दुसऱ्याचे सहा भाग केले होते, आणि खालीं लिहिलें होतें: ‘दोनी भाकरीचा येक येक कुटका उरला. साहातला बारका. मंग ५/६ जास्ती.’

शाळेनें पुरविलेल्या आदर्श उत्तरांच्या तक्त्याप्रमाणें पहिल्यास दोन गुण पडले होते, दुसरीस तीन व तिसरीस एक. तिसरीच्या उत्तराशेजारीं लाल शाईनें ‘वाक्य पूर्ण लिही, शुद्ध लिही’ असा शेराही होता.

आतां तर्कशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर या तिघांचा क्रम अगदींच निराळा लागतो. पहिल्या मुलाचा निष्कर्ष खरा आहे, पण त्याचें अनुमान सर्वथा सदोष आहे. अंश मोठा आणि छेदही मोठा म्हणून अपूर्णांक मोठा, हा नियम खरा मानला तर ५/१० हा ३/४ पेक्षां मोठा ठरेल, म्हणजे अर्धी भाकरी पाऊण भाकरीहून मोठी होईल. खोट्या वाटेनें चालून तो खऱ्या गांवीं पोंचला, इतकेंच. दुसरीचें अनुमान निर्दोष आहे. मात्र तें तिचें स्वतःचें आहे कीं वहींतून उतरलें आहे, हें त्या कागदावरून कळण्यास मार्ग नाहीं. तिसरीनें मात्र एक खरीखुरी युक्ति शोधून काढली आहे. तीन चतुर्थांश म्हणजे पूर्णास एक चतुर्थांश कमी, आणि पांच षष्ठांश म्हणजे पूर्णास एक षष्ठांश कमी. एक षष्ठांश हा एक चतुर्थांशाहून लहान. तेव्हां ज्यांतून कमी उरलें त्यांतून अधिक घेतलें गेलें. छेद समान न करतां, एकही गुणाकार न करतां, केवळ उरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवून तिनें प्रश्न सोडविला. आणि न्यायासनानें सदोष विचारास दोन गुण देऊन निर्दोष विचारास एक दिला!

येथें कोणी असें म्हणेल कीं, ही सारी आपत्ति ‘कारण लिहा’ या दोन शब्दांनीं ओढवली. गणितांत उत्तर बरोबर कीं चूक एवढेंच पाहावें, म्हणजे असला घोळ होणार नाहीं. हा आक्षेप दिसतो तितका पोकळ नाहीं. केवळ उत्तरास गुण दिले असते तर तिघांसही सारखेच मिळाले असते आणि तिसरीवरचा अन्याय टळला असता. पण त्या समतेची किंमत काय पडते, याचें एक उदाहरण शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत स्टॅनले अर्लवांगर या संशोधकानें १९७३ सालीं सहाव्या इयत्तेंतील एका बारा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. लेखांत त्यानें त्यास ‘बेनी’ असें नांव दिलें आहे. त्या शाळेंत प्रत्येक मुलानें आपापल्या गतीनें पाठ वाचावे, चांचणी द्यावी आणि तिचीं उत्तरें छापील उत्तरांशीं ताडून पुढें जावें, अशी पद्धति होती. बेनी भराभर पुढें जात होता. त्याची गणना हुशार मुलांत होत होती. अर्लवांगरनें त्याच्याशेजारीं बसून ‘तूं हें कसें केलेंस?’ असें विचारण्यास आरंभ केला, तेव्हां आढळलें कीं, त्याच्या मतें २/१० म्हणजे १.२ आणि ०.३ व ०.४ यांची बेरीज ०.०७. त्यानें हे नियम स्वतःच रचले होते आणि तो ते मोठ्या निष्ठेनें पाळीत होता. त्याच्या दृष्टीनें गणित म्हणजे कोणीं तरी केलेल्या नियमांचा ढीग, आणि गणित करणें म्हणजे छापील उत्तराशीं आपलें उत्तर जुळेपर्यंत केलेली शोधाशोध. उत्तरेंच तपासणाऱ्या त्या पद्धतीस त्याच्या डोक्यांत काय चाललें आहे याचा पत्ताही नव्हता.

पुढें १९७८ सालीं जॉन सीली ब्राऊन व रिचर्ड बर्टन यांनीं मुलांच्या वजाबाकींतील चुकांचा अभ्यास करून असें दाखविलें कीं, पुष्कळ चुका निष्काळजीपणाच्या नसून नियमबद्ध असतात. ५२ मधून २७ वजा करून ३५ उत्तर काढणारा मुलगा आपल्याकडच्याही प्रत्येक शाळेंत सांपडेल. त्यास विचारावें तर तो सांगेल, ‘मोठ्यांतून लहान वजा करायचें असतें, सातांतून दोन गेले, पांच राहिले.’ मोठ्यांतून लहान वजा करावें हें त्यास आपणच पहिल्या इयत्तेंत शिकविलें होतें. तो आपली आज्ञा मोडीत नाहीं. ती नको तेथें पाळीत आहे. त्याच्या उत्तरावर फुली मारणें म्हणजे त्यास ‘तूं चुकलास’ एवढेंच सांगणें; त्याचें कारण वाचणें म्हणजे तो कोठें चुकला हें आपण जाणणें. तेव्हां ‘कारण लिहा’ हे शब्द प्रश्नपत्रिकेंतून काढून टाकावे असें आम्हांस वाटत नाहीं.

कारणाची ही मागणी परदेशांतून आलेली नवी टूम आहे, असाही समज कोणी करून घेऊं नये. भास्कराचार्यांनीं सिद्धान्तशिरोमणींत गणकाला उपपत्ति कशासाठीं हवी हें सांगतांना दोन गोष्टी सांगितल्या आहेत: एक, उपपत्तीवांचून त्यास विद्वानांच्या सभेंत मान मिळत नाहीं, आणि दुसरी, तो स्वतःही निःशंक होत नाहीं. पुढें १५४५ सालीं कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं लीलावतीवर बुद्धिविलासिनी नांवाची टीका लिहिली, तींत मूळांत सूत्ररूपानें आलेल्या रीतींच्या उपपत्ति दिल्या आहेत. रीत पाठ असणें आणि तिची उपपत्ति ठाऊक असणें यांतला भेद आपल्या पूर्वजांस पूर्ण ठाऊक होता.

भास्कराचार्यांचीं हीं दोन प्रयोजनें आम्हांस आमच्या प्रश्नाची किल्लीच वाटतात. आरंभींच्या विद्यार्थ्यांसाठीं रचलेल्या अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत अनुमानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: स्वार्थ आणि परार्थ. डोंगरावरचा धूर पाहून तेथें अग्नि असला पाहिजे, असें जो मनाशीं जाणतो त्याचें तें स्वार्थानुमान. तेंच दुसऱ्यास पटवून देण्यासाठीं प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन अशा पांच अवयवांच्या वाक्यांत मांडणें हें परार्थानुमान. पहिल्यानें मनुष्य स्वतः निःशंक होतो, दुसऱ्यानें सभा निःशंक होते. दोहोंचा विषय एकच असला तरी दोन्ही शक्ति एक नव्हेत. आणि ज्यास पहिली आहे त्यास दुसरी असतेच असें नाहीं.

आतां त्या तिसऱ्या मुलीच्या तीन ओळी पाहा. ‘५/६ जास्ती’ ही प्रतिज्ञा आहे. ‘साहातला बारका’ हा हेतु आहे. जें नाहीं तें इतकेंच: ज्याचें उरलेलें कमी त्याचें घेतलेलें अधिक, ही व्याप्ति, आणि दोन्ही भाकरी सारख्याच आकाराच्या आहेत, हें गृहीत. या दोन गोष्टी तिनें सांगितल्या नाहींत, कारण तिला त्या सांगण्याजोग्या वाटल्या नाहींत. आपणही घरांत बोलतांना त्या सांगत नाहीं. ‘आकाश भरून आलें आहे, छत्री घे’ असें म्हणणारी आई ढग आणि पाऊस यांचा संबंध समजावून सांगत बसत नाहीं. तेव्हां त्या मुलीचें स्वार्थानुमान पूर्ण होतें, परार्थानुमान अपुरें होतें. आणि आम्ही परीक्षक नेमकी हीच गल्लत करतों: पाहतों परार्थ आणि गुण देतों स्वार्थास. कागदावर वाक्य पुरें नाहीं, म्हणून डोक्यांत विचार पुरा नाहीं, असा निकाल आपण देतों. हें अनुमान त्या पहिल्या मुलाच्या अनुमानाइतकेंच सदोष आहे. परंतु आपणांस त्याबद्दल कोणी लाल शाईची फुली मारीत नाहीं.

याच्या उलट बाजूची गल्लतही तितकीच खरी आहे. ‘कारण’ या शब्दापुढें मुलें पुष्कळदां जें लिहितात तें कारण नसतें, कृतीचा वृत्तान्त असतो. २८ आणि १७ यांची बेरीज कशी केली असें विचारलें असतां ‘आठ आणि सात पंधरा, पंधराचे पांच मांडले, हातचा एक, दोन आणि एक तीन आणि एक चार’ असें उत्तर येतें. यांत काय केलें तें सांगितलें, कां केलें तें नाहीं. हातचा ‘एक’ हा खरोखर एक दशक आहे, ही सारी मौज त्या एका शब्दाच्या पोटांत दडलेली असते, आणि तो शब्द जितक्या सहजपणें जिभेवर येतो तितकी ती अधिक खोल दडते. वृत्तान्त पूर्ण वाक्यांत असला कीं परीक्षकास तो कारणासारखा दिसतो. येणेंप्रमाणें भाषेच्या मोहानें एकाच्या विचारास आपण मुकतों आणि दुसऱ्याच्या ठिकाणीं नसलेला विचार पाहतों.

कोणी विचारील कीं, भाषेवांचून विचार असतो तरी कोठें? शब्दांत सांगतां येत नाहीं त्यास विचार म्हणावें कशाला? तत्त्वज्ञानाच्या वर्गांत हा वाद आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे. त्याचा निकाल येथें लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु झाक हादामार या फ्रेंच गणितज्ञानें १९४५ सालीं गणितांतील शोधांच्या मानसशास्त्रावर पुस्तक लिहिलें, त्यासाठीं त्यानें थोर थोर गणितज्ञांस ते विचार कसा करतात असें विचारलें होतें. त्यांपैकीं बहुतेकांनीं आपण शब्दांनीं विचार करीत नसून अस्पष्ट चित्रांनीं व आकृतींनीं करतों, असें कळविलें. आइन्स्टाइन यांचेंही उत्तर त्याच मासल्याचें होतें. जी सवलत आपण आइन्स्टाइनला देतों ती ऊसतोडणी कामगाराच्या मुलीस नाकारण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.

होय, ती मुलगी ऊसतोडणी कामगाराची होती, हें आम्हांस त्या शिक्षिकेनें मागाहून सांगितलें. दिवाळी झाली कीं तिचीं आईबापें हंगामासाठीं घर सोडून जात आणि तीही बरोबर जाई. शाळेची प्रमाण भाषा तिच्या घरची नव्हती. घरीं भाकरीचा ‘कुटका’ होता आणि शाळेंत ‘तुकडा’. गणिताच्या कागदावर तिची परीक्षा एकाच वेळीं दोन विषयांत होत होती, आणि त्यांतला दुसरा विषय वेळापत्रकांत कोठेंही लिहिलेला नव्हता.

पण मग मुलांचें अपुरें लिहिणें परीक्षकानें आपल्या पदरचें घालून पुरें करावें काय? असें सुरू झालें तर परीक्षेस अर्थ तो काय राहिला? हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्याची टाळाटाळ करणें बरें नव्हे. परीक्षकाची उदारता ही फार पक्षपाती वस्तु असते. ज्याचें अक्षर चांगलें, ज्याचा वर्गांत पहिला नंबर, ज्याचे वडील शाळेच्या समितीवर, त्याचीं गाळलेलीं वाक्यें आपणांस आपोआप ऐकूं येतात. ‘त्याला येत असणारच, लिहायचें राहिलें’ असें आपण म्हणतों. ज्याच्याविषयीं आपली तशी खात्री नसते त्याचें गाळलेलें वाक्य गाळलेलेंच राहतें. आमच्या हातून हें झालेलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याची तर्कशास्त्राची पत्रिका आम्हीं नापास केली होती. पुढें तोच युक्तिवाद दुसऱ्या एका हुशार म्हणून गाजलेल्या विद्यार्थ्यानें थोड्या गोड भाषेंत लिहिलेला वाचून आम्हीं त्याची वाखाणणी केली, आणि त्या रात्रीं आम्हांस पहिल्याची आठवण झाली. तो तोंपर्यंत कॉलेज सोडून गेला होता. त्या आठवणीचें ओझें अजून उतरलेलें नाहीं.

म्हणूनच कांहीं सुज्ञ लोक असें म्हणतात कीं, परीक्षकाच्या लहरीपेक्षां छापील तक्ता बरा: अमुक शब्द आला तर एक गुण, अमुक पायरी दाखविली तर दुसरा. यांत न्यायाची तळमळ आहे, हें आम्ही जाणतों. अमेरिकेच्या व्हर्माँट राज्यानें १९९० नंतरच्या वर्षांत चवथ्या व आठव्या इयत्तेंतील मुलांनीं गणितांत केलेल्या कामाचे संग्रह तपासण्याचा मोठा उपक्रम केला. त्यांत मुलाचा विचार आणि त्याची मांडणी यांचीं सात अंगें ठरवून प्रत्येकास वेगळी श्रेणी द्यावयाची होती. रँड या संस्थेच्या संशोधकांनीं १९९२ सालच्या श्रेणी तपासल्या तेव्हां एकाच संग्रहास दोन परीक्षकांनीं दिलेल्या श्रेणी पुरेशा जुळत नाहींत, असें आढळून आलें. पुढच्या वर्षीं गणितांत कांहीं सुधारणा झाली. तक्ता असला तरी तो वाचणारा माणूसच असतो, हा त्यांतला पहिला धडा. दुसरा धडा आपल्याच घरचा आहे. तक्ता जितका काटेकोर, तितकें त्याप्रमाणें कारण पाठ करणें सोपें. ‘कारणें द्या’ हा प्रश्न भूगोलांत आणि विज्ञानांत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आहे, आणि त्याचीं उत्तरें बाजारांतल्या मार्गदर्शकांत छापून मिळतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाच्या समजुतीचें सर्वंकष व सातत्यपूर्ण मूल्यमापन व्हावें असें सांगितलें. त्यासाठीं महाराष्ट्रांत शिक्षकांनीं प्रत्येक मुलाविषयीं वर्णनात्मक नोंदी लिहाव्या असें ठरलें. आणि थोड्याच काळांत अशा नोंदींचे तयार नमुने हातोहातीं फिरूं लागले. मुलाला पाठ केलेलें कारण आणि शिक्षकाला उतरून काढलेली नोंद: दोघांनीं एकमेकांस फसविलें, आणि दोघांचीही इच्छा तशी नव्हती.

तर मग लहरीचा खड्डा एकीकडे आणि तक्त्याची विहीर दुसरीकडे, यांतून वाट कोणती? आमच्या अल्पमतीप्रमाणें ती अशी. परीक्षकानें मुलाच्या शब्दांत तेवढीच भर घालावी जेवढीची ते शब्द स्वतः मागणी करतात. आणि आपण भर घातली ती खरोखर मुलाच्या मनांत होती कीं नाहीं हें दुसरा एक प्रश्न विचारून पडताळून पाहावें. हिशेबाचा ताळा पाहतात तसा हा समजुतीचा ताळा आहे. तो प्रश्न असा असावा कीं, ज्याच्याजवळ तो विचार आहे त्यासच त्याचें उत्तर यावें आणि पाठांतराचा तेथें उपयोग होऊं नये. अमेरिकेंतील १९९२ च्या राष्ट्रीय चांचणींत चवथीच्या मुलांस असा एक प्रश्न होता: दोघांनीं आपापल्या पिझ्झाची अर्धी अर्धी भाकरी खाल्ली, एक म्हणतो, मीं अधिक खाल्ली, तो खरा कसा ठरेल तें चित्र काढून दाखवा. पिझ्झे लहानमोठे असूं शकतात, हें ज्याला सुचेल त्यालाच अपूर्णांक हा कशाचा तरी अपूर्णांक असतो हें समजलें. हा प्रश्न उत्तर विचारीतच नाहीं. उत्तर हातीं देऊन कारण विचारतो.

याखेरीज आणखी दोन गोष्टी प्राथमिक शाळेंत सहज करतां येण्याजोग्या आहेत. तपासतांना पत्रिकेवरचें नांव झांकावें. आणि विचाराचा निवाडा व मांडणीचा निवाडा वेगवेगळा करावा. पहिल्यास गुण द्यावे, दुसऱ्यास सूचना द्यावी. मांडणी निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. स्वतः निःशंक होणें हें अर्धेंच शिक्षण. सभेस निःशंक करणें हें दुसरें अर्धें, आणि लोकशाहीच्या देशांत तें कमी महत्त्वाचें नाहीं. परंतु ती कला दहा वर्षांच्या मुलास शिकवावयाची आहे. तिच्या अभावाबद्दल त्यास दंड करावयाचा नाहीं.

पन्नास मुलांच्या वर्गांत प्रत्येकास दुसरा प्रश्न विचारावयाचा कोणीं आणि केव्हां, असें शिक्षक विचारतील, आणि तें विचारण्याचा त्यांस पूर्ण अधिकार आहे. त्यावर आमचें म्हणणें एवढेंच कीं, जितकीं कारणें वाचावयास आपणांस सवड आहे तितकींच मागावीं. दहा प्रश्नांपुढें ‘कारण लिहा’ असें छापून एकही कारण न वाचण्यापेक्षां एकाच प्रश्नापुढें तें छापावें आणि तें एक मन लावून वाचावें. ‘कां?’ हा प्रश्न फुकट विचारतां येत नाहीं. तो विचारणारा ऐकण्याचें वचन देत असतो. गणिताच्या उत्तराची अपेक्षा आपण यंत्रापासूनही करतों. कारणाची अपेक्षा मात्र आपण केवळ मनुष्यापासूनच करावयास शिकलों आहों, आणि ज्याला आपण कारण विचारतों त्याला आपण आपल्या बरोबरीचा मानलें, असा त्याचा अर्थ होतो. तसें मानून पुढें त्याच्या बोलण्याकडे कान न देतां त्याचीं केवळ वाक्यें मोजलीं, तर मूल एक धडा पक्का शिकतें: कारण ही विचाराची वस्तु नसून शिष्टाचाराची आहे, निर्णय आधीं करावयाचा आणि कारण मागाहून शोभेसाठीं जोडावयाचें. हा धडा घेऊन मोठीं झालेलीं माणसें आपल्या कचेऱ्यांत, सभांत आणि घरांतही आपणांस रोज भेटतात.

त्या तीन पत्रिकांचें पुढें काय झालें तें सांगितलें पाहिजे. सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशीं त्या शिक्षिकेनें तिघांसही एकेक करून जवळ बोलाविलें, आणि रात्रीं सगळा वृत्तान्त आम्हांस दूरध्वनीवरून सांगितला. पहिल्या मुलास तिनें ५/१० मोठा कीं ३/४ असें विचारलें. त्यानें क्षणाचाही विलंब न लावतां ५/१० असें सांगितलें. “पांच दहांश म्हणजे किती रे?” “अर्धा.” मग तो जो गप्प झाला तो पुष्कळ वेळ बोललाच नाहीं. दुसऱ्या मुलीस, छेद समान कां करावयाचे, असें विचारलें; ती म्हणाली, “बाई, तुम्हीच सांगितलं होतं.” तें खरें होतें. तिसरीस तिनें ३/४ आणि ५/७ दिले. मुलीनें कागदावर दोन भाकरी काढल्या, आणि मग मान हलवून म्हणाली, “बाई, हितं एकीकडं एक उरला अन्‌ एकीकडं दोन. आता नुसतं बघून नाय कळायचं.”

आम्हांस हें उत्तर तिच्या मूळच्या उत्तराहूनही मोलाचें वाटतें. आपली युक्ति कोठपर्यंत चालते आणि कोठें थांबते, हें ज्याला कळतें त्याला ती खरोखर कळलेली असते. आणि नेमक्या याच जागीं दुसऱ्या मुलीची रीत कामास येते: छेद समान केले कीं २१/२८ आणि २०/२८, म्हणजे ३/४ मोठा. शिक्षिकेनें तिला ती रीत तेथेंच दाखविली. ज्या रीतीचें कारण पहिल्या क्रमांकाच्या मुलीस ठाऊक नव्हतें तिची गरज शेवटच्या बांकावरच्या मुलीस पटली, कारण तिला आपल्या विचाराची वेस लागली होती.

तिसरीचे गुण तीन झाले. पहिल्याचे कमी करावे कीं नाहीं, असा प्रश्न शिक्षिकेनें आम्हांस विचारला. चूक परीक्षकाची असतां तिचा दंड मुलास कां, असें आम्हीं म्हटलें, आणि तिनें ते तसेच ठेवले. आम्हीं बरोबर सल्ला दिला कीं नाहीं, याची आम्हांस आजही पुरती खात्री नाहीं. वाचकांनींच तिचा विचार करावा. तिसऱ्या दिवशीं ती मुलगी आईबापांबरोबर हंगामास निघून गेली. जातांना तिनें उत्तरपत्रिका मागून घेतली. तीवरचा ‘शुद्ध लिही’ हा शेरा शिक्षिकेनें खोडला नव्हता. त्याच्या खालीं तिनें आणखी एक वाक्य लिहिलें होतें: ‘तुझें कारण मला समजलें.’